आलटून पालटून बसा

१२ नोव्हेंबर

प्रिय हिवाळी पाहुण्या,

तुझं नाव मला ठाऊक नाही, तोंडही कधी पाहिलेलं नाही, आणि तरी खुशाल 'तू' म्हणते आहे. राग मानू नकोस. जो माणूस पाच हिवाळे माझ्या बागेतल्या खोपटात, माझ्याच रजईत झोपला, त्याला अहो-जाहो करायचं मला काही जमत नाही.

आज बागांच्या वसाहतीतलं पाणी बंद केलं. म्हणजे तुला कळलंच असेल, आता सगळे आपापल्या शहरातल्या घरी, एप्रिलपर्यंत इकडे कुत्रं फिरकणार नाही. सकाळपासून सगळीकडे एकच गडबड, छत्र्या मिटा, झोपाळे उतरवा, टेबलं आत घ्या. मी माझं टेबल ढकलत होते, तर शेजारच्या बागेतला मारियान, आमच्या वसाहतीचा अध्यक्ष, कुंपणावरून म्हणतो, "जेनोवेफाबाई, एकट्या जिवाला चार खुर्च्या कशाला हो? शेकोटीत घाला की!" मी म्हटलं, "आधी तुमचं ते प्लास्टिक घाला शेकोटीत, मग माझ्या लाकडाचं बघू." हसला मेला. पण टेबल दाराच्या उंबऱ्यावर अडलं तेव्हा पलीकडचं टोक धरायला काही आला नाही.

त्या खुर्च्या माझ्या नवऱ्यानं, लेऑननं, स्वतः केल्या होत्या, ओकच्या. थंडी आली की आत ठेवायचं कामही त्याचंच. कसं ठेवतो ते मी कधी बघितलंच नाही. मी आपली आलुबुखाराच्या जामच्या बरण्या भरत बसायची. सहा वर्षांपूर्वी तो एप्रिलमध्ये गेला आणि नोव्हेंबरात मी त्या चार खुर्च्यांपुढे ठोंब्यासारखी उभी. मग काय, घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, वरून चिकटपट्टी. आणि इथे सगळेच ठेवतात तशी चिठ्ठी ठेवली, 'चोर महाशय, आत दारू नाही, विकण्यासारखं काही नाही. किल्ली कुंडीखाली आहे. कृपा करून दार फोडू नका.'

वसंतात आले तर प्लास्टिक काढून घडी करून ठेवलेलं. खुर्च्या पुसलेल्या, पायांखाली विटा, वरून माझीच फाटकी चादर. आणि चिठ्ठीच्या मागे तुझं ते अक्षर, 'प्लास्टिकमध्ये लाकूड घुसमटतं. बुरशी धरली होती. हवा लागू दे.' तळपायाची आग मस्तकात गेली माझी! म्हटलं, दुसऱ्याच्या घरात घुसायचं ते घुसायचं आणि वर शिकवण्या घ्यायच्या? पण रे, त्या दिवशी बागेतून घरी जाताना ट्रॅममध्ये मी एकटीच हसत होते. लेऑन गेल्यानंतर पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी मी चहा ठेवला, लोकरी मोजे ठेवले, पावाला लावायला कांदा घालून कढवलेल्या चरबीची बरणी ठेवली. चोरासाठी! मुलीला, कामिलाला, फोनवर सांगितलं तर ती नॉर्वेहून ओरडली, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तू मात्र गाद्या उंदरांपासून वाचवायला छताला तारेनं टांगल्यास, लाकडाला जवसाचं तेल लावलंस. एका खुर्चीचा पाय मोडका होता, त्याला नवा पाय घडवून बसवलास. लेऑनच्या तीन पायांशेजारी तुझा चौथा. रंग थोडा फिका आहे, पण डुगडुगत नाही.

आणि मी तुला काय दिलं? थापा. दर वर्षी चिठ्ठीत लिहायची, 'यंदा उन्हाळाभर मुलगी, जावई, नातवंडं इथेच होती, खुर्च्या पुरत नव्हत्या.' पाचव्या वर्षी तुझं उत्तर आलं, 'बाई, तीन खुर्च्या नव्यासारख्या आहेत. एकीचंच तेल उडालंय. आलटून पालटून बसा, म्हणजे सारख्या झिजतील.' पकडली गेले मी. कामिला सहा वर्षांत एकदा आली, तीही लेऑनच्या दफनाला. इतकी वर्षं माझं खोटं कुणाला कळलं नाही, आणि तुला ते नुसतं लाकूड बघून कळलं. त्या उन्हाळ्यात मी खरंच आलटून पालटून बसले. सोमवारी एकीवर, मंगळवारी दुसरीवर. मारियानला वाटलं, बाईला वेड लागलं. प्रत्येक खुर्चीवरून बाग थोडी वेगळी दिसते. रिकाम्या खुर्च्या मात्र तीनच राहतात रे, कुठेही बसलं तरी.

मग या एप्रिलमध्ये आले. चादर मी घातली होती तशीच, वर धूळ. चहाचं पाकीट बंद. चिठ्ठी ठेवली होती तिथेच, पाठ कोरी. कुणी माझ्या वस्तूंना हात लावला नाही म्हणून रडणारी या वसाहतीत मीच पहिली असेन. मारियान म्हणाला, "सुटलात की! जानेवारीत उणे एकोणीस होतं, गोठून गेला असेल कुठे तरी." सहज बोलला तो. मी चार दिवस जेवले नाही. तुझं नाव माहीत नाही, तर चौकशी तरी कुणाची करायची?

म्हणून आज चिठ्ठी नाही, पत्र लिहिते आहे. तू असलास आणि आलास, तर सवयीप्रमाणे आधी चादर उचलशील. खाली तीनच खुर्च्या दिसतील. चोरी झाली असं समजू नकोस. तुझ्या पायाची खुर्ची मी आज घरी नेते आहे, ट्रॅममधून, लोक बघतील तर बघोत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात ना सगळे, तसं मीही इतकी वर्षं मांडते. पण खरं सांगू? ताट मांडत होते, खुर्ची कधी मांडली नाही, कारण कुणी येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. यंदा मांडणार आहे. लिपोवा रस्ता, चौदा नंबर, तिसरा मजला, डावीकडचं दार. बीटाचं सार असेल, कार्प मासा असेल. त्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की सगळे जेवायला बसतात, तेव्हा ये. तारा दिसला तरी मी लगेच जेवायला बसणार नाही, थोडी थांबेन.

तुझीच,
जेनोवेफा