मातीच्या खोलीतली झोप

४ मे, अकोला
नमुन्याची खोली उभी राहिली. बार्शीटाकळी रोडवर आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा मोकळा प्लॉट, मधोमध ही एकटी. मुरमाड मातीच्या मशीनवर दाबलेल्या विटा, जाड भिंती, बाहेरून गिलावा नाही. सगळी घरं अशीच करायची, असा माझा नकाशा. भर दुपारी आत गेले. थंड. कूलर नाही, पंखा नाही. निवृत्तीनंतरचं पहिलं धड काम.

७ मे
विहारात सोसायटीची बैठक. नकाशा भिंतीवर लावला. सोसायटीतले वानखडे सर उठले. "मॅडम, आमच्या बापानं मातीच्या घरातून बाहेर काढलं आमाले. तुमी परत तिथंच नेऊन राहिल्या." टाळ्या. मी विटांची ताकद समजावत बसले. ती कोणी विचारलीच नव्हती.
१७ला मतदान. माती की सिमेंट.
सोसायटीतला आमचा प्लॉट आईच्या नावावर, म्हणजे मत तिचं. "सर बराबर बोलले," म्हणाली.

८ मे
आईशी वाद. "तू इंजिनेर झाली ते मातीत राहाले?" मूर्तिजापूरकडचं आमचं गावकुसाबाहेरचं घर. दर पावसाळ्यात मागची भिंत खचायची. मी पोटात असताना तिने एकटीने लिंपली होती. म्हटलं, ही माती तशी नाही. "माती मातीच असते वं."

११ मे
आईला जवळजवळ ओढतच खोली दाखवायला नेलं. उंबऱ्यावर अडून बसली. ऊन मी म्हणत होतं, शेवटी आत आली. भिंतीला पाठ न टेकता मधोमध सतरंजीवर बसली. फोन आला म्हणून मी बाहेर. परत येते तर गाढ झोपलेली, तोंड उघडं. घरी कूलरसमोर रात्रभर कुशी बदलते. ऊन कलेपर्यंत उठवलं नाही.
पदराने तोंड पुसत, "झोप मस्त लागली."
"मग?"
"मंग काय? घर सिमेंटचंच पायजे."

१३ मे
उलगडत नाही. खोली खोटी नाही. तीही खोटं बोलत नाही.
बाहेरून गिलावा, वर रंग दिला तर? सरांना फोन. "म्हंजे माती लपवाची? मंग वापरताच काहून?" हेही बरोबर. गिलाव्याचा एक नकाशा केला. बिनगिलाव्याचा फाडायला घेतला, फाडला नाही.

१६ मे
उद्या मतदान. आईने पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. हात सिमेंटसाठीच वर करणार, दोनदा बजावलं.
आत्ता जेवणं झाली आणि ही दाराशी उभी. काखेत सतरंजी, हातात पाण्याची बाटली.
"रिक्षा बोलाव न वं."
"कुठे?"
"तुह्या त्या खोलीत. लय तापून राहिलं इथं."
"उद्या तिच्याच विरुद्ध हात वर करणार ना?"
"मत उद्या हाय."
रिक्षा येते आहे. दोन्ही नकाशे बरोबर घेतले. कशाला, माहीत नाही.