खोगिराचा पाळणा

मु. कळसाडी, तालुका शहादे
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, सन १९६३

राजमान्य राजश्री व्याही बन्सीलालभाई, मुक्काम खांडबारा, यांस गिरधरचा हात जोडून रामराम. इकडे सर्व ठीक असून कापूस वेचणीला आला आहे. आपली कंबर, विहीणबाईंचा दमा आणि जावईबापूंची भूक कशी आहे ते कळवावं. आमची रंजना दिवाळीपासून माहेरी आहे आणि खुशाल आहे. आपण खांडबारा स्टेशनावर पेढे वाटल्याचं कळलं. त्या पेढ्यांबद्दलच लिहायला बसलो आहे, पण आधी शेडची हकिकत सांगितल्याशिवाय पेढ्यांपर्यंत पोचता येणार नाही. तोवर कृपा करून आणखी पेढे आणवू नयेत.

तर आमच्या इकडे सरकारनं पत्र्याची एक लांबलचक शेड बांधली आहे. कुणाला नवा धंदा काढायचा असेल तर त्याला तिथं गाळा मिळतो, भाडं नावापुरतं, भोकं पाडायचं यंत्र सगळ्यांत मिळून एक, आणि वर सल्ला द्यायला एक तरुण साहेब. धंद्याचे पाय रोवले की गाळा सोडून बाहेर पडायचं आणि जागा दुसऱ्या नवख्याला द्यायची. साहेब म्हणाले, नवा धंदा म्हणजे मिरचीचं रोप, वाफ्यात वाढू द्यावं आणि मग शेतात लावावं. (मी जन्मभर मिरची लावली आहे. वाफ्यातलं रोप शेवटी ज्याचा वाफा त्याच्याच शेतात जातं, हे मला कुणी शिकवायला नको.) तरीही मी गाळा घेतला, कारण आपल्याला माहीत आहे, सारंगखेड्याच्या जत्रेत खोगिरं येतात ती बाहेरून येतात, घोड्यांच्या पाठी सोलतात आणि इथला पैसा बांधून परत जातात. कण्याला अजिबात न टेकणारं खोगीर माझ्या डोक्यात फार दिवसांपासून होतं. साहेबांनी बजावलं की या जत्रेत एक तरी खोगीर उभं करून दाखवा, नाहीतर गाळा दुसऱ्याला जाईल.

आता खरी अडचण सांगतो. शेडमध्ये दर सोमवारी सगळ्यांनी गोल बसून आपापली अडचण इतरांना सांगायची, असा दंडक आहे. मला पहिल्याच सोमवारी वास आला. अडचण सांगितली म्हणजे धंदा सांगितला, आणि शेजारच्या गाळ्यात जालमसिंग लोहार, पलीकडे भिला सुतार, त्याच्या पलीकडे फुलवंताबाई शिवणकाम करते. तिघं एक झाले की खोगीर तयार, मग गिरधर कशाला हवा? पण लोखंड, लाकूड आणि गादी यांच्याशिवाय माझंही पान हलेना. तेव्हा मी तिघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं की पाळणा करायचा आहे. (पहिला पाळणा माहेरचा असतो आणि माझी लेक घरी आलेली आहे, म्हणून कुणी उलट विचारणार नाही, असा माझा हिशेब. विचारलं नाही हे खरं. त्यांनी अभिनंदनच केलं.)

बन्सीलालभाई, तिघांनीही जीव ओतून काम केलं आणि तिथंच माझा घात झाला. भिलानं मी मागितलेला खोगिराचा वाकडा सांगाडा आपल्या अकलेनं सरळ केला, बाळ घरंगळू नये म्हणून. पाय अडकवायच्या रिकिबी मी मागितल्या होत्या पाळण्याच्या कड्या म्हणून, तर जालमसिंग म्हणाला, "भाऊ, पोर्‍यानं बोट नको सापडाले," म्हणजे पोराचं बोट अडकू नये, आणि एवढ्या बारीक करून दिल्या की त्यात माझा अंगठा जेमतेम जातो. फुलवंताबाईनं गादीत सावरीचा कापूस भरला आणि वर हिरवे पोपट काढले. हे सगळं मी घरामागं गुपचूप जोडलं आणि घोडीवर चढवलं. घोडीनं मान वळवून आधी पोपटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बसलो तो कापसात कमरेपर्यंत बुडालो, पाय रिकिबीत जाईना, आणि घोडी चालू लागताच मी मागच्या बाजूनं उतरलो. (उतरलो असंच आम्ही गावात सांगितलं आहे.)

पुढच्या सोमवारी लंगडत शेडमध्ये गेलो आणि नाइलाजानं खरं काय ते बोललो. मला वाटलं भांडण होईल. जालमसिंग हसता हसता खालीच बसला. मग तिघांनी मिळून नवा सांगाडा, जाड रिकिबी आणि दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची गादी करायला घेतली, आणि माझ्या डोक्यातलं खोगीर मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. साहेब म्हणाले की हे विकलं गेलं तर तिघांनाही काम लागेल आणि जत्रेचा पैसा जत्रेच्याच गावांत राहील. ऐकायला बरं वाटतं. तरी इतकी मदत फुकट कोण करतं, हा किडा माझ्या डोक्यातून जात नाही. जुना सांगाडा मोडून जळणाला द्या म्हटलं, तर भिलानं तो आढ्याला टांगून ठेवला आहे आणि कारण विचारलं की जमिनीकडे बघतो.

जालमसिंगचा मेहुणा खांडबाऱ्याला असतो, त्याच्याकडून पाळण्याची बातमी आपल्याकडे पोचली असणार आणि म्हणूनच आपण पेढे वाटले. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर विहीणबाईंच्या कानावर नातवंडाची बातमी यावी आणि ती माझ्या लबाडीतून यावी, याची मला फार लाज वाटते. रंजनाला मी अजून काही बोललो नाही. तिच्याकडे बघवत नाही.

आपला,
गिरधर

ता. क. खरी विनंती अशी, की विहीणबाईंना हे आपण सांगावं, मी सांगू शकत नाही. दोष सगळा माझा, पोरीला कुणी एक शब्द बोलू नये. आणि जत्रेला आपली घोडी घेऊन यावी, कारण माझी आता मला पाठीजवळ उभं राहू देत नाही.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवणार तोच रंजनानं हातातून घेऊन वाचलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. म्हणाली, "बा, तो पाळना मोडू नका." तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नाही, असं तिच्या आईनं बजावलं होतं. म्हणजे तिच्या आईला ठाऊक. रंजना माझा डबा घेऊन शेडमध्ये यायची आणि फुलवंताबाईजवळ बसायची, म्हणजे फुलवंताबाईला ठाऊक. पोपट ती बाई माझ्या थापेच्या आधीपासून भरत होती, हेही आता लक्षात येतं. सगळी शेड गप्प राहिली, मी एकटा गुपित सांभाळत बसलो. पहिली ता. क. वाचली नाही असं समजावं. मला पत्र पुन्हा लिहवत नाही, अक्षर ओलं झालं आहे. पेढे उरले असतील तर जत्रेला घेऊन यावे, आमच्या घरी अजून कुणी तोंड गोड केलेलं नाही.