पावशी खाली ठेवली आहे

मी, वच्छलाबाई कौतिक नारखेडे, वय शहात्तर, राहणार असोदा, तालुका व जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तरी कोणाला शंका असल्यास त्याने सकाळी मी भाजीवाल्याशी भाव करते तेव्हा येऊन बघावे. वकील योगराज यांनी आणलेला मजकूर मला मिळमिळीत वाटला, म्हणून मी बोलले तसे त्यांनी लिहिले आहे.

कलम १. वाटणीत माझे पती कै. कौतिक यांच्याकडे आलेले अर्धे घर, मधल्या भिंतीच्या अलीकडचे, मुलगा अमृत यास मिळावे. भिंतीच्या पलीकडे धाकटे दीर जीवराम व माझी जाऊ धुरपदाबाई राहतात. धुरपदा आणि मी एकमेकींशी बोलत नाही. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. केळीचा मळा अमृत आणि मुलगी ज्योती यांना निम्मा-निम्मा. ज्योती 'मला काही नको' म्हणेल. तिचे ऐकू नये. लहानपणी पेढ्यांनाही ती असेच म्हणायची, आणि संध्याकाळी डबा रिकामा असायचा. सोन्याची पोत सूनबाई दिपमाला हिला. ती माझ्या भरितात मीठ कमी असते म्हणते, तरीसुद्धा. खरेच कमी असते.

शेजारीण रत्ना हिच्याकडे माझी पिठाची चाळणी आहे. रत्ना या मृत्युपत्राची साक्षीदार असल्याने हे वाक्य तिच्यासमोर मोठ्याने वाचावे.

कलम ३. माझ्या तेराव्याला लाडू-बिडू नकोत. भरीत-पुरी करावी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावीत, गॅसवर भाजलेली मला स्वर्गातही चालणार नाहीत. उन्हाळ्यात वांग्याला चव नसते, म्हणून मी शक्यतो हिवाळ्यात मरण्याचा प्रयत्न करीन. हमी देत नाही.

कलम ४. पावशी. शहरात हिला विळी म्हणतात. ही मात्र पंगतीची आहे: खालची फळी बसायच्या पाटाएवढी, पाते हातभर. लग्नाकार्यात पोतंभर कांद्याची पात हिच्यावर चिरली जायची. वाटणीच्या वेळी सासूबाईंनी पावशी मला दिली, आणि तिला धार लावायचा दगड धुरपदाला. मी म्हटले, "आत्याबाई, दगडाबिगर पावशी काय कामाची?" त्या म्हणाल्या, "म्हनूनच."

म्हातारी हुशार होती. पावशी बोथट झाली की धुरपदा दगड घेऊन यायची. धार लागायची, चहा व्हायचा, गावाची उणीदुणी निघायची, आणि आमचे नवरे उपाशी बसायचे.

मग ज्योतीची हळद आली. गडबडीत दगड आणायचा राहिला. पात चिरायच्या ऐवजी चेंगरायला लागली. तेव्हा धुरपदा भर मांडवात, माझ्या विहीणबाईंसमोर म्हणाली, "आमच्या अक्काच्या पावशीले धार नही. सारी धार तोंडाले गेली." मांडव हसला. विहीणबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हणाले, "तुझा दगड तुझ्याचजवळ ठेव व माय, डोक्यातला एक कमी पडत असंन." झाले! त्या दिवसापासून ती आली नाही आणि मी बोलावले नाही. ज्योतीची मुलगी आता कॉलेजात जाते. चूक धुरपदाची होती. हे वाक्य कोणीही बदलू नये.

कलम ५. दगडाविना धार. ही विद्या माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून लिहिते. चिनी मातीचा जुना कप पालथा करावा. त्याच्या बुडाला खरखरीत कड असते, ती ओली करावी. पावशीची फळी पायाखाली घट्ट दाबावी, धार आपल्याकडे नको. एवढे मोठे पाते हलवायचे नसते, कप फिरवायचा. कड तिरपी टेकवून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने न्यावी. दोन्ही बाजूंना सारखेच करावे. पात्याला बाक असतो, तिथे सपाट दगड अडतो, कपाची गोल कड बरोबर बसते. शेवटी चामड्याचा जुना पट्टा पाठीकडून धारेकडे ओढावा. पट्टा कौतिकरावांचा आहे, खुंटीवर आहे. पिकलेला टमाटा नुसता टेकवताच कापला गेला, तर धार आली.

खरे सांगते, कपाने दगडापेक्षा चांगली धार येते. पण चहाला कोणी येत नाही. भिंतीपलीकडे धुरपदाचा खोकला ऐकू येतो तेव्हा हातातले काम थांबते. मला तिची फार आठवण येते.

कलम ६. ही पावशी धुरपदाबाईची. वकिलांनी 'देत आहे' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होते, हे वकिलांना शिकवलेले दिसत नाही. आम्हा दोघींत आणखी भांडणाला जागा नाही. म्हणून असे लिहावे: मी पावशी तिच्यापुढे जमिनीवर ठेवत आहे. तिने ती आपल्या हाताने उचलावी.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. ठीक आहे. रत्नाबरोबर धुरपदाला निरोप धाडला आहे की साक्षीला ये. आल्यावर हे तिला वाचून दाखवावे. साक्षीदार म्हणून सही केली, तर ती शेजारीण. पावशी उचलली, तर माझी जाऊ. आलीच नाही, तर पावशी अमृतकडे राहील आणि मी भिंतीकडे तोंड करून मरेन.

पुरवणी. धुरपदा आली. पदराखाली दगड होता. सगळे ऐकून घेतले, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारले, "अक्का, खरंच कपानं?" मी हो म्हटले. "तरीच म्हटलं, हिच्याकडे पाव्हण्यायले गिलासात चहा कायले देतात!" मी हसले. मग ती रडली. मग मीही. वकिलांनी सहीला पेन पुढे केले, तर ती म्हणाली, "सही-गिही मी नही करत. आन् मेल्यावर कायले? मले पावशी आत्ताच पाह्यजे." पावशी जमिनीवर होती. तिने उचलली.

सबब कलम ६ रद्द.

ठिकाण: असोदा
दिनांक: ९ डिसेंबर २०२४
लिहून ठेवणार: वच्छलाबाई कौतिक नारखेडे (सही)

साक्षीदार:
१. प्रेमराज, निवृत्त शिक्षक, असोदा (सही)
२. रत्ना, शेजारीण (सही, चाळणी उद्या आणून देणार)
३. धुरपदाबाई जीवराम नारखेडे: सही नाही. कांद्याची पात चिरत आहे.