शंभर वर्षे जगण्याच्या नादात

मुळशी, ९ जानेवारी १९५९

प्रिय मित्र जयसिंगराव यांस,

महंमदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही (हवा तो ठेवून घ्या, दुसरा वहिनींना द्या). खडकीला चिरंजीवांच्या घरी तुमचा दमा, वहिनींची कंबर आणि सूनबाईंचा राग या तिन्हींना उतार पडला असेल, अशी आशा करतो.

तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडलेले दीर्घायुष्याचे पुस्तक पोहोचले. कापडाचे दुकान जावयाच्या हाती दिल्यापासून मला वाचायला वेळ आहे आणि साठी उलटल्यापासून घाबरायलाही, म्हणून एका बैठकीत अर्धे वाचले. (उरलेले अर्धे आजारांबद्दल आहे. त्यांतले बहुतेक मला झालेले दिसल्यावर मिटून ठेवले.) चहा म्हणजे विष, असे त्यात आहे. हे मी कौतुकाने कमरबीला वाचून दाखवले आणि तिने चहा बंद केला. स्वतःचा नव्हे, माझा. स्वतः माझ्यासमोर बसून, बशीत ओतून, आवाज करून पिते. न्याहारीला कच्चा दुधी खावा असेही आहे. तो मी अंगणात बसून खाल्ला, तर शेजारच्या गेणबाची म्हैस कुंपणापलीकडून माझ्याकडे सख्ख्या भावाकडे पाहावे तशी पाहू लागली.

तरी मी खचलो नाही. पुढचा धडा मातीच्या लेपाचा. सर्वांगाला ओली माती फासून, हातपाय सैल सोडून उन्हात पडावे आणि मन बेंबीपाशी न्यावे. मी पंचा नेसून धरणाच्या काठी गेलो, तशी माती फासली आणि मन बेंबीपाशी नेले. ते तिथे छान रमले. तेवढ्यात मासे धरायला आलेल्या बुधाने मला पाहिले आणि बोंब ठोकली, "धावा वं! म्हंमदचाचा बुडालं! पान्यानं वर टाकलंय!"

अर्धा गाव गोळा झाला. पोलीस पाटील हैबतराव म्हणाले, "कुनी हात लावू नगा, पंचनामा व्हायचाय." कमरबी अनवाणी धावत आली आणि चिखलातच बसली. समाधी एकदम मोडू नये अशी पुस्तकाची सक्त ताकीद असल्याने मी निश्चल राहिलो. पण कानांवर काय काय पडले म्हणून सांगू! हैबतराव म्हणाले, माणूस मापाला सच्चा होता. (माझा वार चार बोटे कमी भरतो, असे चावडीवर सांगणारे हेच ते हैबतराव.) कमरबी तर म्हणाली की असा माणूस पुन्हा होणे नाही. जयसिंगराव, एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला प्रथमच कळले. आणखीही ऐकायची इच्छा होती, पण नाकात मुंगी शिरली आणि मी शिंकलो. हैबतराव पाण्यात पडले. बुधा जाळे टाकून पळाला, तो थेट घरी जाऊन थांबला. कमरबीने आधी मला घट्ट धरले, मग त्याच हातांनी बदडले.

आता ती माझ्याशी बोलत नाही. मात्र त्या संध्याकाळपासून माझ्यापुढे चहाचा कप आदळला जातो. आदळलेला असला तरी चहाच तो. तेव्हा पुस्तकाचा दुसरा भाग निघाला असल्यास तो खडकीतच राहू द्या.

बाकी क्षेम. लिहिण्यात काही वेडेवाकडे आले असल्यास कच्च्या दुधीचा दोष समजावा.

तुमचा,
महंमद

ता. क. चहाचे लेखक महाशयांना कळू देऊ नका.

आनखी ता. क. जयसिंगभाऊ, कमरबीचा सलाम. कागुद पेटीत टाकायला माज्याकडं दिलाय, म्हनून मागं लिवतीया. समाधी-बिमाधी काय न्हाई, हे तितं गाढ झोपलं हुतं. माजं रडनं ह्यांनी ऐकलंच न्हाई. बुधानं मागनं सांगितलं, आनि चार शब्द पदरचं घातलं. तुमी खडकीला गेल्यापासनं सांजचं ओट्यावर एकलंच बसत्यात, धड जेवत न्हाईत, म्हनून तर असली पुस्तकं वाचत्यात. ह्यांना सांगू नका, पन तुमी आनि वैनी आठ दिस ऱ्हायला या. आल्याबरुबर ह्यांच्याशी कशावरनं बी भांडान काडा. तुमच्यासंगं भांडले की ह्यांना लई भूक लागती.