भोंग्याची वायर

५ मे, सोमवार

गटाराची झाकणं काढून नेली त्याला आज सतरा दिवस झाले! सतरा! ठेकेदाराची माणसं आली, गाळ उपसला, काठावर ढीग घातला आणि जुन्या फरशा ट्रकात टाकून पसार. नव्या बसवणार म्हणे. कधी? ढीग वाळतोय, वारा सुटला की परत गटारातच. मग उपसला कशाला मेल्यांनो — हवा खायला?

पालिकेतला कारकून म्हणाला, "म्हातारे, तक्रार करायची तर तारखेनिशी लिहून आण." म्हणून ही वही. मी केंकी विकणारी; मक्याचं पीठ आंबवायचं, गोळे मक्याच्या पानात बांधायचे, उकडून विकायचे. चर्चच्या वर्गात दोन वर्षं अक्षरं गिरवली, ती आता कामाला लागतील. चुका होतील. होऊ देत.

लान्तेला सांगून सकाळी भोंग्यावर घातलं. लान्ते म्हणजे माझ्या मेल्या बहिणीचा मुलगा. चाळिशी उलटली, एक पाय अधू. गल्लीचा भोंगा त्याचा — खांबावर चार कर्णे, खाली टपरीएवढं लाकडी खोकं, त्यात मशीन. कोण गेलं, कुणाची बकरी हरवली, टँकर कधी येणार, सगळं तोच सांगतो. आज ओरडला, "केंकीवाल्या आमेर्लीबाई विचारतात — झाकणांचं उत्तर कोण देणार?" तीन वेळा. बरं वाटलं.

उत्तर आलं नाही.

१० मे, शनिवार

नगरसेवक आला. गटारासाठी नाही — मयतीला. मयत चुकवत नाही हा माणूस. काळे कपडे, कडक इस्त्री. मी हात पिठाचे तसेच घेऊन आडवी उभी राहिले.

"बघतो, आजी."

"बघायचंय काय? उघडंच आहे, नीट दिसतं!"

लोक हसले. तोही हसला. दात नवे बसवलेत. ते बसवून घ्यायला बरा वेळ मिळाला.

दुपारी माझ्या मैत्रिणीला, शोर्मेला सांगितलं तर म्हणते, "गटाराला झाकण नाही नि तुझ्या तोंडालाही नाही, आमेर्ले." पाय गेलेत हिचे, जीभ तेवढी शाबूत. उताराच्या टोकाला शेवटची खोली तिची, रस्त्याच्या खाली दोन पायऱ्या. रोज दुपारी मी केंकी नेते, ती मासा तळून ठेवते. आणि रोज म्हणते, तुझी केंकी आंबट झाली. पन्नास वर्षं तेच! पीठ आंबवल्याशिवाय केंकी होते का, टवळे?

१२ मे, सोमवार

आजपासून बंदी. मोठ्या पुजाऱ्याने मका पेरला. आता महिनाभर ढोल नाही, भोंगा नाही, मेलेल्यासाठी मोठ्याने रडणंही नाही. मका जमिनीतून डोकं वर काढतो तेव्हा देवांना शांतता लागते. माझं तर सगळं पोट मक्यावर. माझी आई या दिवसांत उखळसुद्धा वाजू द्यायची नाही.

हल्लीच्या लोकांना बंदी म्हणजे गंमत वाटते.

१६ मे, शुक्रवार

सकाळी केंकी बांधतेय आणि कर्णे खरखरले! लान्ते!

तशीच गेले खोक्यात. "फक्त टँकरची बातमी, मावशी. हळू आवाजात."

हळू आवाजात भोंगा! मशीनपासून कर्ण्यांकडे जाते ती जाड वायर उपटली आणि गुंडाळून काखेत मारली. "बंदी उठली की ये न्यायला."

"मावशी, गल्ली बहिरी होईल गं."

"होऊ दे. महिनाभर देवांचं ऐका."

वायर माझ्या ट्रंकेत आहे, कपड्यांच्या तळाशी. शोर्मे म्हणाली, "देवांनी तुला हवालदार नेमलं वाटतं! पगार किती देतात?"

२० मे, मंगळवार

फरशा नाहीत. उत्तर नाही. आणि बंदी आहे म्हणून विचारायचीही सोय नाही.

२३ मे, शुक्रवार

वही घेऊन पालिकेत गेले. कारकून बदललाय. नव्याने पानं उलटली, एका पानावर पिठाचा डाग होता त्याला बोट लावलं. "आजी, ही वही आहे. अर्ज नाही."

"तारखा आहेत ना?"

"तारखा आहेत, पण अर्ज नाही. बाहेर बसतो त्याच्याकडून लिहून आणा."

बाहेर कुणी बसत नव्हतं. नुसती खुर्ची. दुपारपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले. खुर्चीलाच विचारायचं बाकी होतं. मी मरेन, हा कारकूनही बदलेल, ती खुर्ची तिथेच असेल.

शोर्मेची केंकी चुकली आज. उपाशी बसली होती म्हातारी. "दुसरीची मागवून खाल्ली असती," म्हणाली, "पण ती आंबट नसते."

२८ मे, बुधवार

पाणी आलं. शोर्मे गेली.

२९ मे, गुरुवार

काल हात चालला नाही. आता लिहिते. तारखेनिशी.

दुपार होती. पाऊस नाही, थेंब नाही. आभाळ घासलेल्या ताटासारखं. मी केंकी बांधत होते. लान्ते लंगडत पळत आला, असा पळताना मी त्याला लहानपणीही पाहिला नव्हता. "मावशी, वायर दे. टेकडीवरून फोन आला. तिकडे धो धो कोसळतोय, गटार भरून खाली सुटलंय. पाव तासात इथे."

मी वर बघितलं. "बंदी आहे."

"मावशी, माणसं आहेत!"

"मग दारोदार जाऊन सांग. पाय आहेत ना?"

हे मी बोलले. त्याच्या पायाकडे बघून बोलले.

त्याने ट्रंकेकडे बघितलं. मला ढकलून घेता आली असती त्याला. मावशी म्हणून हात लावला नाही. गेला. मी पुढचा गोळा बांधायला घेतला.

नऊ दारं झाली त्याची. दहाव्यापर्यंत पाणी आलं. काळं — ठेकेदाराने ठेवलेला गाळ सगळा घेऊन आलं, पिशव्या, लाकडं, मेलेली कोंबडी. गटार कुठे नि रस्ता कुठे कळेना. लोक भिंतींवर चढले, छपरावर चढले. सगळे वाचले.

शोर्मेला चढायला पाय नव्हते. तिचं दार बाहेर उघडतं. बाहेरून पाणी दाबून धरत होतं.

उतरल्यावर आत गेलो. तळलेल्या माशाचं पातेलं वर तरंगून खाटेवर येऊन बसलं होतं. झाकण घट्ट. आतले मासे कोरडे. दोन.

मोठ्याने रडायची बंदी आहे. तिची मुलगी काई पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. मी तेही केलं नाही.

२ जून, सोमवार

गल्ली पेटलीय. नगरसेवक गाद्या घेऊन आला, लोकांनी गाद्या चिखलात फेकल्या. ठेकेदाराच्या नावाने शिव्या. "उत्तर कोण देणार? उत्तर कोण देणार?" — माझेच शब्द, शंभर तोंडांतून. मला पुढे ओढत होते, "आमेर्लीआजी, तू बोल, तुझ्याकडे तारखा आहेत!" मी म्हटलं, घसा बसलाय.

मग कुणीतरी लान्तेला धरलं. टेकडीवरच्या फोनचं सगळ्यांना कळलंय. भोंगा का नाही वाजवलास?

लान्ते म्हणाला, "मशीन बिघडलं होतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. काई त्याच्या पायाशी थुंकली. "टँकरसाठी चालतं, आणि माझ्या आईसाठी बिघडतं!"

तो लंगडत खोक्याकडे गेला.

मी घरी आले. वायर ट्रंकेत तशीच.

५ जून, गुरुवार

मोठ्या पुजाऱ्याच्या घरी गेले, अनवाणी. विचारलं, माणसं वाचवायला भोंगा वाजवला असता तर बंदी मोडली असती का.

म्हातारा म्हणाला, "जीव वाचवायच्या हाकेला बंदी? कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या आईने."

"आईने उखळाचं सांगितलं असेल, बाई. देव काय बुडणाऱ्याला गप्प बस म्हणतील? मला येऊन विचारायचं होतंस."

येताना पावलं मोजली. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पन्नास.

६ जून, शुक्रवार

केंकी बांधली नाही. पीठ आंबून फेसाळलं, फेकून दिलं. दुपारी पाय आपोआप उताराकडे वळले.

९ जून, सोमवार

लान्तेच्या खोक्यावर कुणीतरी शेण फासलंय. तो फडक्याने पुसत होता. म्हटलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"काय करायचंय सांगून?"

"लोक थुंकतात तुझ्यावर."

"माझ्यावर आठ दिवस थुंकतील, मावशी. तुझ्यावर मरेपर्यंत."

"मग मला असे किती दिवस राहिलेत?"

हसायला आलं त्याला. मग आलं नाही. खाली बसून फडकं पिळत राहिला. म्हणाला, "मी घेऊ शकलो असतो गं वायर. तुला बाजूला सारून. रोज तेच डोक्यात येतं."

म्हणजे माझं पाप हा पोरगा रोज थोडं थोडं स्वतःच्या नावावर करून घेतोय.

नव्या फरशा अजून नाहीत. सगळा गाळ परत गटारात जाऊन बसलाय. वहीची चौदा पानं भरली. एवढ्या तारखा लिहिल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. एकच तारीख माझी.

१२ जून, गुरुवार

बंदी उठली. ढोल ऐकू येतायत. वायर लान्तेच्या हातात दिली आणि सांगितलं — पहिली बातमी शोर्मेची. दुसरी वायरीची, माझं नाव घेऊन, तीन वेळा. मशीन बिघडलं नव्हतं हेही सांग. नंतर कुणी काही विचारलं तर तू तोंड उघडायचं नाहीस. काईला सगळ्यांच्या आधी माझ्या दारात पाठव. उत्तर मी देणार.