खाडीवरील पक्षी: शून्य

२ नोव्हेंबर
हरिताचा पाय प्लास्टरमध्ये. कॉलेजात बॉटनी शिकवते माझी मुलगी, तीन वर्षं समुद्रकाठची एक खाडी वाचवायच्या मागे लागली आहे. खाडी बुजवून मालाचं यार्ड करणार म्हणे. तिच्या हरकतीवर दहा डिसेंबरला सुनावणी. त्याआधी कोणीतरी तीनदा जाऊन झाडं-पक्षी मोजून यादी द्यायला हवी. मी म्हटलं, अप्पा आहे ना. तीस वर्षं ऑडिट केलं, पक्षी काय चीज आहे. ती म्हणाली, भरती-ओहोटीचा तक्ता बघून जा. मी पंचांग काढलं.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
उत्तम दिवस. राहुकाळ दीडला संपल्यावर तंजावूर सोडलं. ओरत्तनाडूला बस थांबली, कॉफी बरी होती. साडेतीनला खाडी. सगळं पाणीच पाणी. एका प्रकारचं झुडूप: पुष्कळ. दुसऱ्या प्रकारचं: त्याहून पुष्कळ. पक्षी: शून्य. कावळा एक होता, धरला नाही; तो आमच्या गच्चीवरही येतो. चहावाली नागलक्ष्मी म्हणाली, साहेब, पाणी उतरल्यावर या, पाय ठेवायला जागा नसते इतके येतात. मी हसलो. बिचारीला सर्व्हे म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार.

२० नोव्हेंबर, अमावस्या
अमावस्येला निघालो हे पुण्याच्या मेव्हण्याला कळवायचं नाही. इकडे ती शुभच. तर्पण, जेवण, बस. राहुकाळ तीनपर्यंत, म्हणून चहाच्या दुकानात डोळे मिटून बसलो. तीन वाजून एक मिनिटाने उघडले. पाणी. शून्य.

४ डिसेंबर, पौर्णिमा
पुन्हा तीननंतर, पुन्हा शून्य. तीनदा एकच आकडा आला की ऑडिटर निर्धास्त. रिपोर्ट टाइप केला, हुद्द्यासकट सही ठोकली, थेट सुनावणीच्या ऑफिसात दिला. हरिताला दाखवला नाही. पोरीला आधीच त्रास, काम परस्पर झालेलं कळलं की खूश होईल.

१० डिसेंबर
हरिता कुबडी घेऊन आली. यार्डवाल्यांचा वकील उठला आणि पहिला कागद वाचला तो माझा. निवृत्त अधिकारी, तीन भेटी, पक्षी शून्य. माझ्या इंग्रजीचं कौतुकही केलं. हरिताचे तीन वर्षांचे फोटो कोणी उघडलेसुद्धा नाहीत. हरकत फेटाळली.
घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, अप्पा, तक्ता उघडला होता का? पंचांगात सगळं असतं, असं म्हणणार होतो. पंचांग फळीवर ठेवून दिलं. फार लाज वाटली.

११ डिसेंबर, गुरुवार
काही न बघता निघालो. दोनला पोचलो, भर राहुकाळात. पाणी उतरलेलं. चिखल दिसत नव्हता, इतके पक्षी. लांब चोचीचे, आखूड चोचीचे, नाव एकाचंही येत नाही. नागलक्ष्मीने चहा पुढे केला.
मोजायला लागलो. चारशे बारापर्यंत आलो, तेवढ्यात मातीची पहिली लॉरी आली. सगळे उडाले.
लॉरी रिकामी होईपर्यंत थांबलो. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. शून्य.