एका पालखीच्या दोन सुपाऱ्या

अप्पा, परवा रामनगरहून जत्रा कमिटीचे दोघे मला भेटायला धारवाडला आले होते. मी इथे रेडिओच्या नियंत्रण कक्षात काम करते. आवाज पुढे जाण्याआधी तो तपासणं हे माझं काम. हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही. त्यांना यंदा पालखीपुढे सनई आणि बँड एकत्र हवे आहेत. "अक्का, तुमच्या अप्पांनी जमवलं हुतं तसं. काय जुळलं हुतं ओ त्या दिवशी!" मी चहा मागवला आणि विचार करून कळवते, म्हणाले.

मला आठवतं ते असं. तुम्ही लाकडाच्या वखारीत मुनीम होतात आणि जत्रेचे वाजंत्री ठरवणं तुमच्याकडे होतं. वखारीच्या टेबलाशी नारळ आणि सुपारी हातात द्यायची. ती घेतली की माणूस बांधला गेला. त्या वर्षी तुम्ही गुंद गावच्या सनईवाल्या मामांना नेहमीप्रमाणे सुपारी दिलीत, आणि कॅसलरॉकला रेल्वेत नोकरीला असलेल्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यालाही दिलीत. तो लग्नांत विलायती नाचाच्या चाली वाजवायचा. एकदा त्या ऐकून आल्यावर तुम्ही कित्येक दिवस शीळ घालत हिंडत होतात. एक थांबला की दुसरा वाजवील, असा तुमचा बेत. तो दोघांनाही सांगायचा मात्र राहून गेला.

पालखीच्या दिवशी दोघे एकदमच वखारीत येतात. मी तुमचा डबा घेऊन दाराशी उभी आहे. मामा ट्रम्पेटकडे बघतात, कनवटीची सुपारी काढतात आणि टेबलावर ठेवतात. "माझ्या आज्यापासनं पालखीम्होरं आमची सनई हाय. आता पितळ चालू दे म्होरं. मी जातो गुंदाला." सुपारी परत ठेवणं म्हणजे घराण्याचा मान सोडणं, मग पुढे त्यांना कुणी बोलावलं नसतं. ट्रम्पेटवालाही उठला. तो तुम्हाला पात्रांव म्हणायचा, म्हणजे मालक. "पात्रांव, मी जातां परत. म्हाताऱ्याचो मान म्हाका नाका." तुम्ही दाराला पाठ लावून उभे राहिलात. "दिलेली सुपारी मी परत घेत न्हाई. कुणाचीच. दोघं मिळून वाजवा."

"मिळून?" मामा म्हणाले. "त्येचा आवाज गिरणीच्या भोंग्यावानी. त्यात माझी सनई कुणाला ऐकू यायची?"

"भोंगो न्हय बाब, ट्रम्पेट."

"त्येच की."

सागाच्या ओंडक्यांवर बसून दोघांनी एकेक सूर लावला. ट्रम्पेटचा चढा, सनईचा उतरलेला. ट्रम्पेटवाल्याने सूर उतरावा म्हणून सुराची नळी निघेल तेवढी बाहेर ओढली. मामांनी सूर चढावा म्हणून सनईच्या तोंडाची पत्ती बदलली, आणखी आत दाबली. फरक कमी झाला, पण गेला नाही. मी म्हणाले, "अजून जुळलं न्हाई." तुम्ही वळलात, आणि सगळ्यांदेखत: "कान हाईत तुला, तोंड बी हाय. एका वक्ताला एकच वापर." सगळे हसले. मी हसले नाही. ते वाक्य मी फार वर्षं धरून ठेवलं.

पालखी निघते. मामा देवीच्या पदाची चाल धरतात. ट्रम्पेटवाला एक पाऊल मागे राहून ऐकतो आणि मध्येच आपल्या नाचाच्या चालीतला एक तुकडा घुसवतो. ढोलवाला गोंधळतो. मामा डोळे वटारतात, आणि पुढच्या फेरीला तोच तुकडा सनईवर वाजवतात, आपल्या पदरचे दोन सूर घालून. सनई तोंडातून काढून म्हणतात, "घे!" ट्रम्पेटवाला हसतो, पुन्हा घेतो. तुम्ही दोघांच्या मधोमध चालत होतात, कुणी पळून जाईल म्हणून लक्ष ठेवल्यासारखे. देवळापर्यंत कुणीही गेलं नाही.

पुढच्या जत्रेला तुम्ही हयात नव्हतात. मामा एकटेच वाजवून गेले. ट्रम्पेटवाल्याला सुपारी द्यायला कॅसलरॉकला कुणी गेलं नाही, आणि नंतरही कधी गेलं नाही. यंदा मामांचा मुलगा सनई धरणार आहे.

सुराच्या अडचणीवर उपाय आहे, तो मला आता ठाऊक आहे. बँडच्या सुराला जुळेल अशी सनई नवी करून घेता येते. तसं मी कमिटीला कार्डावर लिहून कळवलं. ते कार्ड आज सकाळी पेटीत टाकलं. सल्ला बरोबर आहे. हे पत्र मात्र टाकायचं नाही, म्हणून यात लिहिते. त्या दिवशी जुळलं नव्हतं, हे मी कमिटीच्या त्या दोघांना सांगितलं नाही. फरक शेवटपर्यंत होता, साधारण पाव सुराचा. इथे माझ्यासमोर तसं वाजवणं आलं तर मी ते थांबवते. तुमच्या पालखीपुढचं ते वाजवणं मात्र मला पुन्हा एकदा ऐकायचं आहे, आणि त्यातला फरक काढून टाकलेला मला चालणार नाही.